मुरतंय कुठंतरी

तपासणीच्या खोलीतल्या बाई कुणाला बोलवायला स्वतः येत नाहीत, चिठ्ठी पाठवतात. त्यामुळे त्या दिवशी सकाळी त्या भट्टीपर्यंत चालत आल्या आणि "जरा येता का?" म्हणाल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खोलीत त्यांनी मला भिंगाखाली एक तुकडा दाखवला. करंगळीएवढा जाड, आडवा कापलेला, आरशासारखा घासलेला. प्रत्येक खेपेबरोबर असा एक नमुना आम्ही भट्टीत ठेवतो. कापून त्यावर अॅसिडचा थेंब सोडला की कडेनं काळी पट्टी उमटते. जितका कार्बन आत मुरला, तितकी पट्टी जाड. ती मिलिमीटरभर हवी, फार तर सव्वा.

"तुम्हीच मोजा," बाई म्हणाल्या.

मी मोजली. दीड भरली. चष्मा पुसून पुन्हा मोजली, तरी दीडच.

"तीन नंबरच्या भट्टीची आहे. सलग चौथी खेप," बाई म्हणाल्या. "थर्मोकपल कोणतं आहे तिथं?"

"माझं आहे. माझ्या हातानं बसवलंय," मी म्हणालो. थर्मोकपल म्हणजे भट्टीची उष्णता मोजणारी तार. माझ्या आवाजात असं काही होतं की बाईंनी पुढे विचारलं नाही.

आमचं काम ज्यांना माहीत नाही, त्यांना वाटतं आम्ही लोखंड वितळवतो. सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, की बाबांनो, वितळलं तर मला घरी पाठवतील. आम्ही दातेरी चक्रं पेटीत ठेवतो, भोवती कोळशाची भुकटी ठासतो, झाकण मातीनं लिंपतो आणि पेटी नऊशे अंशांवर सहा तास ठेवतो. पोलाद लाल होतं, पण घट्टच्या घट्ट राहतं. त्या घट्ट धातूच्या आत कार्बन एकेक पाऊल टाकत शिरतो, फोडीत मीठ मुरतं तसा. थंड पोलादात तो जन्मभर जागचा हलणार नाही. तापवलं की चालायला लागतो, आणि आणखी तापवलं की सुसाट सुटतो. चाळीस अंश जास्त दिले तर सहा तासांचं काम चारात होतं. त्या चाळीस अंशांवर पेटी सहाच्या सहा तास राहिली, तर कार्बन हवा त्याहून खोल जातो, आणि मग चक्राचे दात काचेसारखे तुटतात.

तुटलेही होते. त्या खेपांतलं एक चक्र कारखान्यातल्याच माल उचलायच्या यंत्रात बसवलं होतं. त्याचे तीन दात गेले आणि माल खाली आला. खाली कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं. मोठ्या साहेबांनी ते चक्र टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "कुणीतरी उष्णता चढवतंय. सोमवारी मला नाव पाहिजे. नाव नसेल तर भट्टीवाला आणि त्याच्यावरचा, दोघंही घरी बसा."

त्याच्यावरचा म्हणजे मी. आणि तीन नंबरचा भट्टीवाला म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

त्याला सगळे तुफान म्हणतात. चालतो तेव्हा पळतो, जेवतो तेव्हा गिळतो, एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात देऊन बोलतो. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा हा बारा वर्षांचा होता. तेव्हापासून तो आमच्याच घरात वाढला. माझ्या सायकलवर तो सायकल शिकला आणि माझ्या शब्दावर कारखान्यात लागला. आता वेगळा राहतो, रविवारी जेवायला येतो. मला कारखान्यात काटा म्हणतात. माझी नजर सदान्‌कदा उष्णतेच्या काट्यावर असते म्हणून, असं माझं म्हणणं. मी टोचतो म्हणून, असं तुफानचं. त्यानंच ते नाव पसरवलं याबद्दल मला शंका नाही, फक्त पुरावा नाही.

मी मुळातच संशयी आहे, हे कबूल करतो. दूधवाल्यासमोर मी दूध दोनदा मोजून घेतो. पण इथं संशयाला जागा होती. उष्णता वाढवून वेळ वाचवायची युक्ती त्याला मीच सांगितली होती, एकदा जेवता जेवता, माझी हुशारी दाखवायला. हा पठ्ठ्या सकाळी पेट्या उशिरा भरत असणार, उशीर झाकायला उष्णता चढवत असणार आणि मग कुठंतरी गप्पा हाणत बसत असणार. पेट्या आत शिजताहेत याचं भान कुणाला?

अडचण एकच होती. भट्टीच्या उष्णतेची रेघ कागदाच्या गुंडाळीवर आपोआप उमटते, आणि तीन नंबरची रेघ चारही दिवस नऊशेवर सरळ होती. जरासुद्धा चढउतार नाही. मी ती गुंडाळी उजेडात धरून पाहिली, उलटी करून पाहिली. इतकी सरळ रेघ मला बघवेना. माझ्या एक नंबरच्या रेघेलाही थोडी थरथर असते, आणि तुफानसारख्या माणसाची रेघ सरळ? कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. तीन नंबर पलीकडच्या शेडमध्ये आहे. मधल्या भिंतीला पाइपासाठी एक भोक आहे, त्याला डोळा लावून मी उभा राहायचो. तुफान वेळेवर पेट्या भरत होता. वेळेवर काढत होता. मधल्या वेळात भट्टीच्या झरोक्यातून आत बघायचा, मान हलवायचा, काट्याकडे बघायचा, पुन्हा आत. एवढं काय बघत होता? ज्याचा काटा नऊशेवर स्थिर आहे, त्यानं झरोक्यात कशाला डोकवावं?

गुरुवारी मी त्याला सहज भेटल्यासारखा भेटलो.

"काय रे, कसं चाललंय?"

"मस्त," तो म्हणाला. मग थांबला. तुफान थांबला, हीच मुळात नवलाची गोष्ट. "भाऊजी, तीन नंबर जरा उजळ दिसते का हो तुम्हाला? मला आपलं वाटतं, नऊशेला इतकी पिवळी नसावी."

"तुझ्या वाटण्यावर भट्टी चालत नाही," मी म्हणालो. "काट्यावर चालते. तिथं माझी तार आहे, सहा वर्षं मुरलेली. डोळे फसवतील, ती नाही फसवणार."

"बरं," तो म्हणाला आणि पळाला.

त्या तारेबद्दल सांगायला हवं. थर्मोकपल म्हणजे टोकाला जोडलेल्या दोन तारा. त्या चिनीमातीच्या नळीत घालून भट्टीत खुपसतात. आतली उष्णता त्याच सांगतात. नियमानं त्या दरवर्षी बदलायच्या. मी एक नंबरमधली सहा वर्षं बदलली नव्हती. नव्या तारेचा मला भरवसा नाही. भट्टीत राहून, तावूनसुलाखून निघाली की मगच ती खरं बोलू लागते, असं माझं मत. आणि सहा वर्षांत एक नंबरचा एकही नमुना बिघडला नव्हता, मग कोण काय बोलणार? आदल्या आठवड्यात साहेबांनी सगळ्या भट्ट्यांना नव्या तारा आणल्या. माझ्या भट्टीत नवी घालावी लागली. पण जुनी भंगारात टाकवेना. तुफानला नुकतीच तीन नंबर मिळाली होती. नळीवर माझ्या खुणेचे तीन ठिपके होते, तशीच ती मी त्याच्या भट्टीत बसवली आणि म्हणालो, "घे, माझ्याकडून." तो पाया पडला होता. त्याच्यासाठी आलेली नवी तार कपाटात पडून राहिली.

उजळ दिसते म्हणे! मला त्यातही डाव दिसला. उद्या पकडला गेला तर म्हणायला मोकळा, की मी आधीच सांगितलं होतं.

रविवारी तो दुपारी जेवायला घरी आला. आल्या आल्या पिशवी बाहेरच्या खोलीत टाकून स्वयंपाकघरात बहिणीशी कुजबुजायला लागला. मी आत गेलो की दोघं गप्प, बाहेर आलो की पुन्हा कुजबुज. एकदा "त्यांना वाईट वाटेल" एवढं कानावर पडलं. एकदा बायको म्हणाली, "मग सांग ना सरळ." त्यावर तो काय म्हणाला, ते नळाच्या आवाजात बुडालं.

मी पिशवी उघडली.

आत डबा, टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेली कारखान्याची नवी तार होती. कपाटातली. नळीसकट.

सगळं कोडं एका क्षणात सुटलं. रेघ सरळ का, तर रेघ भट्टीची नव्हतीच. पठ्ठ्या ही दुसरी तार भट्टीच्या कुठल्यातरी थंड कोपऱ्यात खुपसत होता, कागदाला ती जोडत होता, आणि खरी भट्टी हवी तशी पेटवत होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी थोडा आनंदही होता. सापडला! माझा अंदाज बरोबर निघाला.

"काय शोधताय?" दारात बायको उभी होती.

"चष्मा."

"चष्मा डोळ्यांवर आहे."

ती माझ्या हाताकडे बघत होती. मी तार टॉवेलात गुंडाळून परत ठेवली.

"त्यालाच विचारा ना," ती म्हणाली. "आत बसलाय. चार पावलांवर आहे."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं, आणि मला ऐकायचं नव्हतं, पकडायचं होतं.

सोमवारी मी साहेबांना नाव दिलं. तारेचंही सांगितलं. तुफानला बोलावलं, पिशवी उघडायला लावली. तार निघाली.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

तुफाननं आधी तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवीत तार आहे हे साहेबांना कसं कळलं, हे त्याला तेव्हा उमगलं असावं.

"विचारतोय मी. कपाटातून न विचारता का घेतलीस?"

"चूक झाली," तो म्हणाला.

"उष्णता तू चढवलीस?"

तो पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. "माझ्या भट्टीत झालंय," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे माझंच."

साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली आणि त्याला घरी पाठवलं. जाताना तो पळाला नाही. सावकाश चालत फाटकापर्यंत गेला, आणि ती चाल बघून मला पहिल्यांदा कसंतरी झालं. पण मी स्वतःला म्हटलं, अपराधी माणूस असाच चालतो.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसली. दोन दिवस आमचं बोलणं "मीठ द्या" आणि "घ्या" इतकंच झालं.

मंगळवारपासून तीन नंबर मी स्वतः चालवली. पेट्या माझ्या हातानं भरल्या, माती मी लिंपली, काटा नऊशेवर आणला आणि सहा तास स्टुलावर बसून राहिलो. चहालासुद्धा उठलो नाही. काटा ढळला नाही. रेघ सरळ आली, अगदी तुफानच्या रेघेसारखी. तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं, पण मला वाटलं, माझा हात लागला म्हणून सरळ आली.

बुधवारी तपासणीच्या बाई पुन्हा चालत आल्या.

यावेळी त्यांनी मोजायला सांगितलं नाही. भिंगाखाली नमुना ठेवलेलाच होता. काळी पट्टी मला भिंगाला डोळा लावायच्या आधीच दिसली.

"दीड," बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर वही उघडी होती. "आता कुणाचं नाव लिहू?"

मी उठलो आणि सरळ तीन नंबरकडे गेलो. बाई मागून आल्या. भट्टी निवली होती. मी नळी बाहेर ओढली आणि तारा बाहेर काढल्या. सहा वर्षं ज्या मी डोळे झाकून खऱ्या मानल्या, त्यातली एक वीतभर लांबीवर हिरवट पडली होती. बोटानं वाकवली, तर काडीसारखी मोडली.

"हिचंही तेच झालंय, तुमच्या चक्रांचं होतं ते," बाई म्हणाल्या. "तापलेल्या धातूत कण जागेवर राहत नाहीत. हिच्यातलं क्रोमियम आतून हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत गेलं. थंडीत शंभर वर्षं पडून राहिली असती तर काही झालं नसतं. नऊशेवर सहा वर्षं म्हणजे फार झालं."

"पण माझ्या भट्टीत ही बरोबर सांगत होती."

"तिथं हा बिघडलेला भाग भट्टीच्या पोटात होता, सगळीकडून सारखा तापलेला. तार उष्णता सांगते ती जिथं गरम संपून थंड सुरू होतं तिथं, म्हणजे भिंतीत. आणि तीन नंबरची भिंत एका विटेनं जाड आहे."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. भिंत जाड, म्हणून तार आत कमी गेली. हिरवा पडलेला तुकडा नेमका भिंतीत आला. वापरलेली तार एका भट्टीतून काढून दुसरीत घालायची नाही, हे नियमात लिहिलंय. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. तुफानच्या पिशवीतून निघालेली नवी तार परत कपाटात गेली होती. बाईंनी ती नळीसकट आणली आणि दोन्ही नळ्या शेजारीशेजारी ठेवून भट्टी पुन्हा तापवली. नवी नऊशे चाळीस म्हणाली. माझी, मोडलेलं टोक पुन्हा जोडून, साडेआठशेच्या पुढे सरकेना.

"मोडल्यामुळे आता जास्त खोटं बोलतेय, मोडायच्या आधी चाळीस बोलत असणार. नमुना तेच सांगतोय," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमचा मेहुणा गेल्या शनिवारी माझ्याकडे आला होता. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही तारा शेजारी ठेवून बघू या का, तोवर नवी माझ्या पिशवीत लपवतो, म्हणाला. पण भाऊजींना कळू द्यायचं नाही, त्यांना लागेल, म्हणाला. मी शब्द दिला होता, म्हणून तुमचा नमुना येईपर्यंत थांबले."

मी कुठंतरी टेकलो. बहुधा मातीच्या पोत्यावर. मला माझी लाज वाटली, इतकी की बाईंकडे बघता येईना. साहेबांसमोर एकच वाक्य बोलून त्याला सुटता आलं असतं. ही तार भाऊजींची आहे, एवढंच. मी नियम मोडला होता, माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती, आणि ते वाक्य त्यानं गिळलं.

मी साहेबांकडे गेलो आणि तारेचे तुकडे टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं, लिहून दिलं. साहेबांनी हिरवा तुकडा उजेडात धरून फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे नाव चुकीचं दिलंत." मी हो म्हणालो. माझ्याकडून भट्ट्यांचा ताबा काढून घेतला आणि तुफानला परत बोलवायला सांगितलं. घरी पाठवलं नाही, ते तुफानमुळे. त्या खेपांचा दोष त्यानं आधीच सही करून स्वतःवर घेतला होता, तो कागद तसाच राहिला, आणि साहेबांना त्यासाठी आणखी कागद नको होते.

त्याला आणायला मी स्वतः गेलो. बायको बरोबर येते म्हणाली. त्याच्या जिन्याशी म्हणाली, "सहा वर्षं ती तार एकदाही तपासली नाहीत. आणि त्याची पिशवी तपासलीत."

तुफाननं दार उघडलं. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. त्यातलं "चुकलो रे," एवढंच निघालं. रडूही आलं, आणि मला ते आवरलं नाही.

"अहो भाऊजी, काय हे," तो म्हणाला आणि धावत जाऊन पाणी घेऊन आला. "सोडा ते. तार जुनी होती, तुमची काय चूक. ताई, चहा ठेव ना. बसा, बसा, उभे काय?" सगळं एका दमात, पूर्वीसारखं. मला इतकं बरं वाटलं की मी दोन कप चहा प्यायलो.

तो कामावर परत आला. तीन नंबर त्याच्याकडेच आहे, एक नंबरही. मी आता पेट्या लिंपतो. सगळं सुरळीत आहे. नमुने सव्वाच्या आत असतात. मला तो भाऊजीच म्हणतो, आणि कुणी काटा म्हणालं तर त्याच्यावर डोळे वटारतो.

दर रविवारी तो जेवायला येतो. येतो तसा पळत येतो, चपला दोन दिशांना भिरकावतो. मग बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर पिशवी ठेवतो, तिची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडतो, डबा आणि टॉवेल वर काढून ठेवतो, आणि हसत म्हणतो, "भाऊजी, बघून घ्या." पहिल्यांदा मीही हसलो. दुसऱ्यांदा म्हणालो, "पुरे रे आता." त्यानंतरच्या रविवारी मी ती चेन स्वतः लावली. तो स्वयंपाकघरातून बाहेर आला, चेन लावलेली पाहिली, ती पुन्हा उघडली आणि आत जेवायला बसला.